सव्वा मिलिमीटरचं अक्षर

इंग्रजी तीन आणि इंग्रजी आठ यांच्यात फरक तो केवढासा! तीनच्या डाव्या बाजूच्या दोन फटी बुजल्या की झाला आठ. मार्चअखेरच्या धांदलीत मी एका खर्चाच्या विभागाचा कोड वाचला तो असा, फटी बुजलेला. एका विभागाचा सगळा खर्च दुसऱ्याच विभागाच्या नावावर पडला. चूक दोन दिवसांनी सापडली आणि दुरुस्तही झाली. कुणी रागावलं नाही. साहेब एवढंच म्हणाले, "जरा डोळ्यांत तेल घालून बघत जा."

मी हसले. दुसरं करणार काय?

मला स्टारगार्ट आहे. चौदाव्या वर्षी कळलं. पडद्यामागची गोष्ट थोडक्यात अशी, की डोळ्यातल्या पडद्याच्या मधोमध, जिथे बारीक वाचायचं काम होतं, तिथल्या पेशी झिजत जातात. कडेचं दिसतं, मधलं विरतं. एखाद्या शब्दाकडे सरळ बघितलं की तो शब्दच जातो, म्हणून मी किंचित वर, तिरकं बघून वाचते. लोकांना वाटतं मी छताकडे बघतेय. चष्म्याचा उपयोग नाही, कारण फोकस चुकलेला नाहीच. अक्षर मोठं असणं, ठळक असणं आणि मागे पांढऱ्याचा झगझगाट नसणं, हे तीन जमलं की मी सकाळी बसून संध्याकाळपर्यंत हिशेब करू शकते. वर्षानुवर्षं करतेय.

माझा लॅपटॉप त्याप्रमाणे लावलेला आहे. चौदा इंची पडदा, २८८० गुणिले १८०० पिक्सेल, स्केलिंग (म्हणजे अक्षरं, बटणं किती मोठी काढायची तो आकडा) २०० टक्के, काळी पार्श्वभूमी, माउसचा बाण पिवळा आणि चांगला गलेलठ्ठ. हे सगळं बसवायला मला एक पूर्ण रविवार लागला होता आणि त्यानंतर मी त्याला हात लावला नाही.

मग ऑफिसने हिशेबाचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर हलवलं. आता घरून काम करायचं म्हणजे आधी रिमोटला जायचं, म्हणजे सर्व्हरचा पडदा आपल्या लॅपटॉपवरच्या खिडकीत उघडून तिथे काम करायचं.

पहिल्या दिवशी रिमोट डेस्कटॉप उघडला आणि माझ्या काळ्या, मोठ्या, ओळखीच्या पडद्याच्या जागी एक पांढराफटक कागद आला. त्यावर मुंग्या. मुंग्या म्हणजे मेनू होते. बाण कुठे गेला ते मला पाच मिनिटं सापडलं नाही, कारण पिवळा गलेलठ्ठ बाण माझ्या लॅपटॉपचा. रिमोटमध्ये शिरला की त्याचा आकार पलीकडचा कंप्युटर ठरवतो, आणि पलीकडच्याने पाठवला होता तोच जुना पांढरा, नखाएवढाही नसलेला.

म्हटलं ठीक आहे, नवीन घर आहे, आवरून घेऊ. सेटिंग्जमध्ये गेले, डिस्प्ले उघडलं. स्केलिंगची पट्टी करड्या रंगात, मेलेली. वर एक ओळ: रिमोट सेशनमधून डिस्प्ले सेटिंग बदलता येत नाही. ही ओळ मी नाक पडद्याला टेकवून वाचली. म्हणजे अक्षर मोठं करता येणार नाही, हे सांगणारं अक्षरही बारीकच.

तक्रारीचं तिकीट टाकलं. हेल्पडेस्कवरच्या मुलाचा फोन आला.

"मॅडम, स्क्रीनशॉट पाठवा ना."

पाठवला.

"मॅडम, यात तर सगळं व्यवस्थित दिसतंय."

"तुम्हाला दिसतंय हो. मला दिसत नाहीये."

"लॅपटॉपचं स्केलिंग वाढवून बघा."

"लॅपटॉपचं दोनशे टक्के आहे. आत जाऊन पोचत नाहीये ते."

"मग तो तुमच्या लॅपटॉपचा इश्यू असेल मॅडम."

तिकीट बंद. कारणाच्या रकान्यात 'यूझर इश्यू'.

त्या मुलाचा मला राग आला, हे खरं. पण त्याच्या बाजूने बघितलं तर तो खोटं बोलत नव्हता. स्क्रीनशॉटमध्ये पिक्सेल असतात, मिलिमीटर नसतात. हे माझ्या डोक्यात शिरायला मलाही एक रात्र लागली. ते नीट सांगते, कारण सगळं घोडं इथेच पेंड खातंय.

विंडोजच्या मेनूतलं नेहमीचं अक्षर नऊ पॉइंटचं असतं. १०० टक्के स्केलिंग म्हणजे विंडोज एका इंचात ९६ पिक्सेल आहेत असं धरून चालतं. नऊ पॉइंट म्हणजे मग बारा पिक्सेल. हेल्पडेस्कवरच्या मुलासमोर चोवीस इंची, १९२० गुणिले १०८० चा मॉनिटर. त्यात इंचाला साधारण ९२ पिक्सेल बसतात. त्याला ते बारा पिक्सेल सव्वातीन मिलिमीटर उंचीचे दिसतात. माझ्या लॅपटॉपवर इंचाला २४० च्या वर पिक्सेल. तेच बारा पिक्सेल माझ्याकडे सव्वा मिलिमीटर. आणि ही झाली अक्षराच्या पूर्ण चौकटीची उंची. छोट्या लिपीतलं 'ए' किंवा 'ओ' त्याच्याही अर्ध्यावर. चांगल्या नजरेच्या माणसालाही हे वाचताना डोळे बारीक करावे लागतील. पण चांगल्या नजरेचा माणूस पुढे झुकतो, वाचतो, विसरतो. तिकीट टाकत नाही.

माझा लॅपटॉप एरवी हे सांभाळून घेतो, बारा पिक्सेलच्या जागी चोवीस वापरतो. पण रिमोटमध्ये अक्षर काढणारा माझा लॅपटॉप नसतोच. अक्षर तिकडे सर्व्हरवर काढलं जातं, त्याचं चित्र होऊन इकडे येतं आणि माझा लॅपटॉप ते फक्त भिंतीवर टांगतो. सर्व्हरला माझा पडदा केवढा, माझी नजर कशी, याचा पत्ता नाही. लॅपटॉपला ती माहिती आहे, पण त्याच्या लेखी आलेली चीज म्हणजे फोटो, आणि फोटोतलं अक्षर मोठं करायला तो बांधील नाही. इकडचा म्हणतो तिकडे सांगा, तिकडचा म्हणतो इकडे सांगा. दोन सरकारी खात्यांच्या मधल्या रस्त्यासारखं, खड्डा कुणाचाच नाही.

जोडताना इकडच्या स्केलिंगचा आकडा तिकडे कळवायची सोय विंडोजमध्ये आली ती ८.१ आणि सर्व्हर २०१२ आर२ पासून. आमचा सर्व्हर त्याच्याही आधीच्या पिढीतला. लॅपटॉप बिचारा कळवत असेलही, तिकडे ऐकायला कुणी नव्हतं.

तर मी दुसरं तिकीट टाकलं तेव्हा स्क्रीनशॉट पाठवला नाही. पडद्यावर स्टीलची पट्टी टेकवली आणि मोबाइलने फोटो काढला. पट्टीवर मिलिमीटरच्या रेघा, आणि 'फाइल' हा शब्द जेमतेम एका घराएवढा उंच. खाली लिहिलं, 'तुमच्या मॉनिटरवर पट्टी लावून हाच शब्द मोजून बघा.'

वीस मिनिटांत फोन. "मॅडम, माझ्याकडे अडीचच्या आसपास येतंय."

"बरोबर."

"एवढंसं वाचता तुम्ही?"

"नाही ना वाचत. म्हणून तर तिकीट."

त्या दिवसापासून तो माझा माणूस झाला. सर्व्हर बदलणं त्याच्या हातात नव्हतं, पण त्याने शोधून सांगितलं की रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीच्या वरच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यात जे छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक केलं की मेनूत 'झूम' सापडतं. खास अशा जुन्या सर्व्हरसाठीच दिलेलं. आलेलं चित्र तसंच्या तसं दुप्पट करतं. शेजारीच 'स्मार्ट सायझिंग', चित्र खिडकीच्या मापात ताणून बसवणारं. मी काही दिवस जोडण्याआधीच रिमोटचं रिझोल्यूशन १४४० गुणिले ९००, म्हणजे माझ्या पडद्याच्या नेमकं निम्मं ठेवून ते ताणून घ्यायचे. नेमकं निम्मं अशासाठी, की तिकडचा एक पिक्सेल इकडे बरोबर दोन बाय दोनच्या चौकोनात बसावा. दीडपट वगैरे केलं की अक्षरांच्या कडांना लाल-निळी झालर दिसायला लागायची. अक्षर गुळगुळीत दिसावं म्हणून विंडोजमधली क्लिअरटाइप नावाची सोय एकेका पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या पट्ट्या वेगवेगळ्या पेटवते. ती नक्षी ताणली की उसवते.

मोठं दिसायला लागलं. पण पडद्यावर मावतं किती? पूर्वी अख्खा तक्ता दिसायचा, आता निम्म्या रुंदीत सॉफ्टवेअरची बटणं पडद्याबाहेर. 'सेव्ह' खाली उजवीकडे, दिसत नाही. कीबोर्डने जाते मी तिथे, पाठ झालंय.

भिंगाची गोष्ट याहून मजेशीर. विंडोजचं मॅग्निफायर माझ्या बोटांत आहे: विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह. रिमोट पूर्ण पडद्यावर असताना ही जोडी दाबली की ती जाते पलीकडे. तिकडचं भिंग उघडतं, आणि त्याचं प्रत्येक हलणं म्हणजे अख्खा पडदा नव्याने रंगवून नेटवरून पाठवणं. माउस हलवा, थांबा, चित्र येऊ द्या, पुढे गेलात, परत या. बोटीत बसून दाढी करण्यासारखं. मग रिमोट डेस्कटॉपच्या 'लोकल रिसोर्सेस'मध्ये जाऊन विंडोजच्या कळा 'याच कंप्युटरवर' चालाव्यात असं करून टाकलं. आता भिंग माझं, चपळ. पण एका बाबतीत ते आंधळं.

एरवी भिंग टायपिंगच्या मागे मागे येतं. मी टॅब दाबून पुढच्या रकान्यात गेले की तेही तिथे जातं. कारण कर्सर कुठे आहे, फोकस कुठल्या बटणावर आहे, हे त्याला विंडोज सांगत असतं. रिमोटच्या चित्रात कर्सर नाही, बटण नाही, रकाना नाही. फक्त रंगीत ठिपके. मग भिंग बसतं माउसपाशी आणि मी टाइप करतेय चार रकाने पलीकडे. एका हाताने आकडा मारायचा, दुसऱ्या हाताने माउस ओढत भिंग तिथे न्यायचं. वर्षअखेरीला उजवा खांदा भरून आला तो या ओढाओढीने.

हे मी एका मैत्रिणीला सांगत होते. ती पूर्ण अंध आहे, दुसऱ्या कंपनीत असंच रिमोटचं काम करते. ती म्हणाली, "तुला ठिपके तरी मिळतात. माझा स्क्रीन रीडर, पडद्यावरचं वाचून दाखवणारा, खिडकीचं नाव घेतो आणि तोंड मिटतो." तिच्या बाबतीत लहान-मोठ्याचा प्रश्नच नाही. चित्रात वाचण्याजोगं काही नसतंच. तिच्यासाठी रीडर दोन्हीकडे लागतो, म्हणजे तिकडच्याने वाचायचं आणि इकडे बोलायचं. जॉज आणि एनव्हीडीए हे असे दोन रीडर. जॉजमध्ये त्यासाठी वेगळा परवाना आणि वेगळी वाहिनी आहे. एनव्हीडीएमध्ये पूर्वी त्यासाठी ॲड-ऑन टाकावं लागायचं, २०२५.१ या आवृत्तीपासून दूरच्या कंप्युटरशी जोडायची सोय आतच आली. पण सर्व्हरवर काहीही बसवायचं म्हणजे परवानगी. तिला ती मिळायला माझ्या पट्टीच्या फोटोसारखं काय करावं लागलं ते तिने सांगितलं, पण ती गोष्ट तिची आहे, तिलाच लिहू दे.

रंगांचंही एक सांगते आणि पुढे जाते. काळी पार्श्वभूमी तिकडे मिळावी म्हणून मी सर्व्हरवर हाय कॉन्ट्रास्ट लावलं. मेनू काळे झाले, छान. हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं तर रकाने कोरे! ज्याने कुणी ते लिहिलं त्याने रकान्याचा पांढरा रंग स्वतः पक्का केला होता आणि अक्षराचा रंग विंडोजवर सोडला होता. विंडोज म्हणालं हाय कॉन्ट्रास्ट, अक्षर पांढरं. पांढऱ्यावर पांढरं. मग इकडून रंग उलटे करणारा फिल्टर लावला. तो मात्र चित्रावरही चालतो, कारण तो शेवटच्या क्षणी सगळ्याच पिक्सेलना पकडतो. रिमोट काळं झालं आणि माझा स्वतःचा काळा डेस्कटॉप दुधासारखा पांढरा. दिवसातून तीसेक वेळा फिल्टर चालू, बंद, चालू. नवऱ्याला वाटायचं वीज येतेय-जातेय.

पुढे ऑफिसने सर्व्हर बदलला. नवा, २०१९ चा. पहिल्याच दिवशी उघडला तर अक्षरं आपोआप दोनशे टक्क्यांची! मी हेल्पडेस्कवरच्या मुलाला फोन करून अभिनंदन केलं. तोही खूश.

सोमवारी सकाळी सगळं धुरकट.

मोठं होतं हो, पण थंडीत काचेवर वाफ धरावी तसं. आणि सगळं नाही, फक्त हिशेबाचं सॉफ्टवेअर. फाइलींच्या खिडक्या एकदम लख्ख. मला आधी वाटलं डोळेच उतरले. हे भय आमच्यासारख्यांच्या कायम मागे असतं. तिन्ही त्रिकाळ पडदा धुरकट दिसला की पहिला विचार मॉनिटरचा येत नाही. मी उठून भिंतीवरचं कॅलेंडर वाचून आले. वाचता आलं. म्हणजे डोळे तेच होते.

कारण शुक्रवारात होतं. शुक्रवारी मी ऑफिसात गेले होते आणि तिथल्या मोठ्या मॉनिटरवरून, १०० टक्क्यांवर, सर्व्हरला लॉगइन केलं होतं. निघताना खिडकीची फुली मारली. फुली मारणं म्हणजे साइन आउट नव्हे, सेशन तिकडे जागंच राहतं. उलट आम्हाला सूचनाच आहे की साइन आउट करू नका, रात्रीचे रिपोर्ट चालू असतात. सोमवारी मी घरून त्याच जाग्या सेशनला जोडले. नव्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्राम बदललेलं स्केलिंग ऐकतात आणि स्वतःला नव्याने रंगवतात. जुन्या पद्धतीचे प्रोग्राम साइन इन करताना जो आकडा मिळाला तोच धरून बसतात. मग विंडोज त्यांचं चित्र ताणून मोठं करतं, आणि ताणलेलं चित्र धुरकटच. साइन आउट करून पुन्हा आत आलं की लख्ख. म्हणजे मला नीट दिसायचं असेल तर रात्रीचा रिपोर्ट मरतो आणि रिपोर्ट जगवायचा असेल तर माझा सोमवार मरतो.

तोडगा निघाला तो अगदी गावठी. मी शुक्रवारी ऑफिसातसुद्धा स्वतःचाच लॅपटॉप उघडून त्यावरून लॉगइन करते. शेजारी चोवीस इंची मॉनिटर रिकामा बसलेला असतो. नवीन आलेली मुलं विचारतात, "ताई, तो चालत नाही का?"

एक गोष्ट मात्र मागून मिळाली, म्हणून तिची नोंद. तोट्याचे आकडे आमच्याकडे लाल रंगात येतात, करड्या पट्टीवर. रिमोटमध्ये ते लाल आकडे पाण्यात भिजल्यासारखे पसरायचे, काळे आकडे मात्र ठीक. हा स्केलिंगचा दोष नव्हता. रिमोटचं चित्र व्हिडिओसारखं दाबून पाठवतात तेव्हा उजेड प्रत्येक पिक्सेलचा ठेवतात, पण रंग चार पिक्सेलना मिळून एकच. सिनेमा बघताना डोळ्याला हे कळत नाही, कारण माणसाचा डोळा उजेडाला तिखट आणि रंगाला मऊ. पण दीड पिक्सेल जाडीच्या लाल आकड्याची त्यात वाट लागते. विंडोज १० आणि सर्व्हर २०१६ पासून प्रत्येक पिक्सेलचा रंग जपणारी पद्धत आहे, एव्हीसी ४४४ म्हणतात तिला, आणि ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या सेटिंग्जमध्ये, तिला प्राधान्य द्यायची ओळ आहे. मुलाला सांगितलं, त्याने ती चालू करून घेतली. दुसऱ्या दिवशी तीन वेगळ्या टेबलांवरच्या चांगल्या डोळ्यांच्या लोकांनी विचारलं, आज लाल आकडे स्वच्छ कसे दिसतायत?

सॉफ्टवेअर विकत घेताना ऑफिसने ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे अपंगांनाही ते वापरता येतं का याची, यादी तपासली होती, मी स्वतः ती बैठक बसून ऐकली आहे. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमांत १.४.४ हा मुद्दा आहे: अक्षर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता आलं पाहिजे आणि वाढवल्यावर काही हरवता कामा नये. विकणाऱ्याने तिथल्या तिथे वाढवून दाखवलं, टिकमार्क झाली. दाखवलं ते त्याच्या लॅपटॉपवर. आम्ही वापरतो ते सर्व्हरवर, रिमोटच्या खिडकीतून. मधल्या काचेची तपासणी कुठल्याच यादीत नव्हती. पुढच्या खरेदीच्या वेळी मी म्हणणार आहे, दाखवायचं ते घरून जोडून दाखवा, आणि पट्टी मी आणते.

ते धुरकट सोमवारचं तिकीट अजून उघडं आहे. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे गेलंय, नवी आवृत्ती येईल तेव्हा येईल. मी एकच बदल मागितला होता. तिकिटाचं शीर्षक 'यूझरचा दृष्टिदोष' असं पडलं होतं, ते काढा म्हटलं. दोष माझ्या डोळ्यांत आहे, मान्य. पण तो चौदाव्या वर्षापासून आहे आणि त्याचं तिकीट कुणी टाकलेलं नाही.

परवा उघडून पाहिलं. शीर्षक बदललंय: 'रिमोट सेशन पुन्हा जोडल्यावर स्केलिंग बिघडते'. 'स्केलिंग'चं इंग्रजी स्पेलिंग चुकलंय, एक अक्षर जास्त पडलंय. दोनशे टक्क्यांवर लगेच दिसलं.